रजेवरची बंदूक

मी पिरंगुटला राहतो. तालुका मुळशी. पुण्यात जायचं तर भूगाव-बावधनची वाट आहे, नाहीतर लवळ्याकडून सूस गाठायचं आणि पलीकडे बाणेरला उतरायचं. २४ जुलै २०२३ च्या सोमवारी मी या दुसऱ्या वाटेने दुचाकीवर शहरात चाललो होतो. बाणेरमध्ये पोलिसांच्या गाड्या आणि वृत्तवाहिन्यांच्या व्हॅन उभ्या दिसल्या. टपरीवर चहा घेताना विचारलं, तर चहावाला म्हणाला, ‘‘एसीपीने बायकोला गोळी घातली, पुतण्याला घातली, मग स्वतःला. घरचं प्रकरण दिसतंय.’’ मी चहा संपवला आणि कामाला निघून गेलो. दिवसभरात ती बातमी मी एकदाही उघडून नीट वाचली नाही.

पुढच्या सोमवारी, ३१ जुलैला, फजर पढून पुन्हा डोळा लागला होता. मीरा रोडच्या मावसभावाच्या फोनने उठलो. ‘‘भाईजान, जयपूरच्या गाडीत फायरिंग झालंय. पोलिसानेच केलंय म्हणतात.’’ त्या दिवशी मी काहीही केलं नाही. फक्त बातम्या वाचल्या. व्हिडिओ पाहिले, पुढे पाठवले, रात्री उशिरापर्यंत मित्रांशी वाद घातले.

मधे सात दिवसांचं अंतर. दोन्हीकडे बंदूक खाकीतल्या माणसाच्या हातात. एक बातमी मी चहाबरोबर गिळली, दुसरीने माझी झोप उडवली. असं का झालं, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. आज लिहायला बसलोय ते दुसऱ्यांना जाब विचारण्यासाठी आहेच, पण त्यात मीही येतो.

आधी बाणेरबद्दल. भरत गायकवाड अमरावतीत सहायक पोलीस आयुक्त होते. रजा घेऊन बाणेरच्या घरी आले होते. पहाटे चारच्या सुमारास त्यांनी पत्नीवर गोळी झाडली. आवाज ऐकून पुतण्या धावत आला, त्याच्यावर झाडली. मग स्वतःवर. पिस्तूल खासगी होतं, परवान्याचं, असं पोलिसांनी सांगितलं. कारण कळलेलं नाही, हेही त्याच दिवशी सांगितलं. त्या घरातल्या दोन मृतांची नावं मी इथे लिहीत नाही. ज्यांच्या घरात हे घडलं त्यांना ते पुन्हा पुन्हा वाचायला लागू नये, एवढंच त्यामागे आहे.

मी अकरा वर्षं पुण्यातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर काढली आहेत. क्राइमची कॉपी कशी तयार होते ते मला माहीत आहे. बीटवरचा रिपोर्टर संध्याकाळी पोलीस ठाण्यात फोन लावतो, किंवा पोलिसांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेलं निवेदन उचलतो. ‘पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार’ हे तीन शब्द वर लावले की बातमी उभी राहते. इतर गुन्ह्यांत हे एकवेळ चालून जातं. पण मारणारा पोलीसच असेल तर माहिती देणारा कोण? त्याचं ठाणं, त्याचे वरिष्ठ, त्याच्या बॅचचे लोक. फोन त्याच नंबरवर लागतो. आणि रिपोर्टरला उद्याही त्याच नंबरवर फोन लावायचा असतो.

डेस्कवर मी अशा बातम्यांना मथळे दिलेत. मराठी गुन्हेवार्तेचा अर्धा संसार ‘तून’ या प्रत्ययावर चालतो. कौटुंबिक वादातून. नैराश्यातून. कामाच्या ताणातून. चारित्र्याच्या संशयातून. विहिरीतून पाणी यावं तसा खून कशातून तरी येतो, करणारा माणूस बाजूला उभा राहतो. आणखी एक सोय आपल्या भाषेत आहे. गोळी ‘झाडली’ म्हटलं की झाडणारा लागतो. गोळी ‘सुटली’ म्हटलं की कुणीच लागत नाही. ‘गोळीबार झाला’ म्हटलं तर पाऊस झाल्यासारखं वाटतं. ही क्रियापदं मी स्वतः बदलली आहेत. कुणी धमकी दिली म्हणून नाही, तर मथळा एका ओळीत बसत होता म्हणून. त्या काळात ‘चारित्र्याच्या संशयातून’ किती वेळा लिहिलं असेल याचा हिशेब माझ्याकडे नाही. मेलेल्या बाईवर शेवटचा डाग आम्ही डेस्कवाल्यांनी लावला, हे मात्र कबूल करतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण गोष्ट तिथून सुरू होते.

१८५७ च्या उठावानंतर चार वर्षांनी, १८६१ मध्ये, इंग्रजांनी पोलीस कायदा केला. त्याच्या कलम २२ प्रमाणे पोलीस नेहमीच कर्तव्यावर आहे असं मानलं जातं. सरकारला असा शिपाई हवा होता ज्याला कोणत्याही घडीला, जिल्ह्यात कुठेही जुंपता येईल. मुंबई राज्याने स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये, स्वतःचा पोलीस कायदा केला. आज आपण त्याला महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतो. त्यातलं कलम २८ जवळजवळ तेच सांगतं, फक्त रजेवर असलेला आणि निलंबित असलेला तेवढा वगळतं. रेल्वे सुरक्षा दलाचा १९५७ चा कायदाही आपल्या जवानाला कायम कर्तव्यावरच धरतो. म्हणजे आपण बोलताना ‘ड्यूटी संपली’ म्हणतो, कायद्याच्या लेखी ती संपतच नाही. घरी जेवायला बसलेला हवालदारही ड्यूटीवर. काम काढून घेताना राज्य हे अगदी चोख लक्षात ठेवतं.

पण त्याच हवालदाराच्या हातून कुणी मेलं की हिशेब उलटा होतो. तेव्हा विचारलं जातं, हे त्याने कर्तव्य म्हणून केलं की खासगीत? कर्तव्य ठरलं तर खटल्याआधी सरकारची मंजुरी आणा. खासगी ठरलं तर त्याचं तो बघेल, खात्याचा संबंध नाही. दोन्ही दारं खात्याच्या सोयीची आहेत. वर्तमानपत्रं यात भर घालतात. शाबासकीच्या वेळी तो पोलीस असतो, खुनाच्या वेळी तो ‘इसम’ होतो.

या कायम ड्यूटीची दुसरी बाजू सांगितली नाही तर बेइमानी होईल. शिपायाला ती पिळून काढते. १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईचे पोलीस स्वतः रस्त्यावर उतरले. संघटना, पगार, कामाचे तास अशा मागण्या होत्या. लष्कर बोलवावं लागलं. आंदोलन मोडलं, संघटनाही मोडली. त्यानंतर आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग व्हायला २०१६ साल उजाडलं. एका शिपायानेच हिशेब मांडून आयुक्त दत्ता पडसलगीकरांपुढे ठेवला आणि देवनार पोलीस ठाण्यात मे महिन्यात तो सुरू झाला. १९८२ ते २०१६. चौतीस वर्षं. बारा-चौदा तास बंदोबस्तात उभा असलेला शिपाई मी मोहर्रमलाही पाहतो, गणपतीतही पाहतो. त्याचे पाय सुजलेले असतात हे मला दिसतं. ताण खरा आहे. माझी तक्रार एवढीच की हा ताण वर्षभर बातमीत नसतो. तो बातमीत येतो तो कुणीतरी मेल्यावर, मारणाऱ्याच्या बाजूने साक्ष द्यायला.

सुट्टीवरच्या बंदुकीचा इतिहास मात्र पोलिसांपेक्षा जुना आहे. इंग्रजांच्या काळात छावणीतल्या गोऱ्या सोजिरांना शिकारीचा परवाना मिळे. सुट्टीच्या दिवशी ते टोळीने आसपासच्या गावांत घुसत. मोर मारू नका म्हणून गावकरी आडवे येत, झटापट होई, आणि एखादा शेतकरी मरून पडे. याला सरकारी कागदात ‘शिकारीतला अपघात’ म्हणत. गोरा साहेब घरातल्या नोकराला लाथ मारी आणि नोकर मरे, तेव्हा डॉक्टर लिहून देई की मयताची प्लीहा वाढलेली होती. हिवतापाच्या मुलखात प्लीहा वाढलेली माणसं असतातच. म्हणजे लाथ हलकीच होती, मेलेला माणूसच आतून फुटका होता.

१८७६ चं आग्र्याचं फुलर प्रकरण यातलं सर्वांत गाजलेलं. फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने घोडेवाल्याला मारलं, तो मेला, मॅजिस्ट्रेटने ३० रुपये दंड केला. व्हाइसरॉय लिटनने त्यावर जाहीर नापसंती दाखवली, गोरे लोक लिटनवरच भडकले. पण याच लिटनने दोन वर्षांनी, १८७८ मध्ये, देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणला. नोकराच्या मरणाबद्दल व्हाइसरॉयने खेद करायला हरकत नव्हती. तेच बंगालीत किंवा हिंदुस्थानीत छापलं की मात्र राजद्रोहाचा वास येत होता.

पुढे कर्झनच्या काळात सियालकोटला नवव्या लॅन्सर्स पलटणीच्या शिपायांनी अट्टू नावाच्या स्वयंपाक्याला मारहाण केली. साल १९०२. तो काही दिवसांनी मेला. मरण्यापूर्वी त्याने सांगितलं, कुणी मारलं ते. पलटणीने चौकशी केली आणि कुणीच सापडलं नाही. कर्झनने संतापून अख्ख्या पलटणीच्या रजा बंद केल्या. रजा! खुनाची शिक्षा म्हणून रजा बंद. आणि तीही जास्त वाटली लोकांना. १९०३ च्या दिल्ली दरबारात हीच पलटण समोरून गेली तेव्हा जमलेल्या गोऱ्या पाहुण्यांनी तिचा जयजयकार केला. कर्झन घोड्यावर बसून ते ऐकत होता.

शंभर-सव्वाशे वर्षांत काय बदललं? तेव्हा कारण मयताच्या पोटात सापडायचं. आता ते मारणाऱ्याच्या डोक्यात सापडतं. दोन्ही वेळा सापडतं ते पहिल्याच दिवशी, तपासाच्या आधी.

महाराष्ट्रात याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण अश्विनी बिद्रे-गोरे यांचं आहे. त्या स्वतः पोलीस होत्या, सहायक पोलीस निरीक्षक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या. नवी मुंबईत मानवी हक्क शाखेत नेमणूक. मानवी हक्क शाखा, हे लक्षात ठेवा. ११ एप्रिल २०१६ ला त्या बेपत्ता झाल्या. त्यांना वरिष्ठ निरीक्षक अभय कुरुंदकर याने भाईंदरच्या घरात मारलं, तुकडे करून खाडीत टाकलं. मृतदेह शेवटपर्यंत मिळाला नाही. घरच्यांनी खेटे घातले, कुणी दाद देईना. गुन्हा नोंदवायलाच २०१७ उजाडलं. त्याच जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाला, कुरुंदकरला राष्ट्रपती पोलीस पदक जाहीर झालं. अटक झाली डिसेंबर २०१७ मध्ये. पनवेलच्या सत्र न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये त्याला दोषी ठरवलं, २१ तारखेला जन्मठेप सुनावली. पदकाची शिफारस झालीच कशी, हेही न्यायालयाने विचारलं.

नऊ वर्षं. या नऊ वर्षांतल्या बातम्या मी कात्रणांच्या फायलीत परत चाळल्या. सुरुवातीच्या बातम्यांत ‘प्रेमप्रकरण’, ‘संबंध’, ‘वाद’ हेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. खाडीत शोध सुरू झाला तेव्हा वाहिन्यांना फ्रीज आणि करवतीचं अॅनिमेशन करायला मिळालं. बेपत्ता झाल्यापासून अटकेपर्यंत वीस महिने ठाण्यांमध्ये कोण काय करत होतं, हा प्रश्न उरलेल्या जागेत, आतल्या पानावर. तो प्रश्न जिवंत ठेवला तिच्या नवऱ्याने आणि भावाने. पत्रकारांपैकी काहींनी साथ दिली, नाही असं नाही. पण ती बाई पोलीस होती, शिकलेली होती, घरचे लढणारे होते, तरी नऊ वर्षं लागली. मुळशीच्या एखाद्या वाडीतली बाई असती तर? इथे पौडचं ठाणं पुणे ग्रामीणकडे, हिंजवडीचं पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे. एकाच तालुक्यात हद्द कोणाची हे ठरवण्यातच माणसाचा एक दिवस जातो.

आता रेल्वे. हे सांगताना मी शक्यतो फिर्यादीत आणि तपासात जे आलं तेवढंच सांगतो. आरोप सिद्ध करणं न्यायालयाचं काम आहे.

जयपूर-मुंबई सेंट्रल सुपरफास्ट. गाडीत रेल्वे सुरक्षा दलाचं पथक होतं, प्रमुख सहायक उपनिरीक्षक टीकाराम मीणा. शिपाई चेतन सिंह याने तब्येत बरी नाही, मला मधेच उतरू द्या, असं सांगितलं, असं त्याच्या सहकाऱ्याच्या फिर्यादीत आहे. मीणांनी वर कळवलं. वरून निरोप आला की मुंबईपर्यंत ड्यूटी पूर्ण करू दे. मीणा त्याला समजावत होते. सहकाऱ्याने त्याची रायफल काढून घेऊन त्याला झोपायला लावलं, थोड्या वेळाने त्याने ती झगडून परत घेतली. पहाटे पाचच्या पुढे पहिली गोळी मीणांना लागली.

इथपर्यंतची गोष्ट ताणाची म्हणता येईल. रजा मागणारा शिपाई, नाही म्हणणारं खातं, हातात भरलेली रायफल. १८६१ पासूनची कायम ड्यूटी. यापुढची गोष्ट वेगळी आहे. पुढे तो डब्यांमधून चालत गेला. त्याच डब्यात नालासोपाऱ्याचे अब्दुल कादर भानपूरवाला. मग दुसऱ्या डब्यातून उठवून पॅन्ट्री कारपर्यंत नेलेले सय्यद सैफुद्दीन, हैदराबादचे. मग स्लीपर डब्यात असगर अब्बास शेख, बिहारच्या मधुबनीचे, जयपुरात बांगड्यांचं काम करणारे. तिघे तीन ठिकाणी. मधे डबे भरून माणसं होती, त्यांना काही झालं नाही. एका बुरखा घातलेल्या बाईला बंदूक दाखवून ‘जय माता दी’ म्हणायला लावलं, असं तपासात पुढे आलं. एका प्रेतापाशी उभं राहून तो पाकिस्तान आणि देशातल्या नेत्यांची नावं घेत बोलतोय, तो व्हिडिओ अख्ख्या देशाने पाहिला. मीरा रोड आणि दहिसरच्या मधे साखळी ओढून उतरला, तिथे पकडला गेला.

माथं फिरलेला माणूस चार डबे चालून दाढी शोधत नाही. किंवा शोधत असेल, तर ती दाढी शोधायला त्याच्या डोक्यात आधी कुणीतरी शिकवून ठेवलेलं असतं. आजारी मन रिकाम्या हवेतून शत्रू तयार करत नाही, आजूबाजूला जो तयार असतो तोच उचलतं. रोज रात्री नऊ वाजता वाहिन्यांवर कोण शत्रू असतो, ते मी सांगायला नको.

त्या दिवशीची बातमी कशी वळली ते आठवून पाहा. दुपारपर्यंत सुरक्षा दलाच्या बड्या अधिकाऱ्याने सांगितलं की तो तापट होता, मनःस्थिती ठीक नव्हती. मथळे तिथे गेले. दोनच दिवसांत रेल्वेकडून निवेदन आलं की आजार त्याने आणि घरच्यांनी लपवला होता. लगेच ते निवेदन मागेही घेतलं गेलं. छापलेलं मात्र मागे घेता येत नाही. दोन समाजांत तेढ वाढवण्याचं कलम सुरुवातीच्या गुन्ह्यात नव्हतं, काही दिवसांनी लागलं. ऑगस्टमध्ये त्याला सेवेतून काढलं. ऑक्टोबरमध्ये हजारावर पानांचं आरोपपत्र आलं. मानसिक आजाराचा मुद्दा पुढे करून मागितलेला जामीन डिसेंबरात न्यायालयाने नाकारला. या सगळ्या बातम्या आल्या, पण एकेक कॉलमच्या. ‘माथेफिरू’ पहिल्या पानावर होता, आरोपपत्र आत.

आजार ही खोटी गोष्ट आहे असं मी म्हणत नाही. माझ्या घरात मनाचा आजार पाहिलाय, त्याची थट्टा मला सहन होत नाही. मी विचारतो ते एवढंच, की हा संशयाचा फायदा कुणाला आणि किती लवकर मिळतो? एप्रिल २०२२ मध्ये गोरखनाथ मंदिराच्या दारात अहमद मुर्तजा अब्बासी नावाच्या तरुणाने कोयत्याने पोलिसांवर हल्ला केला. दोन जवान जखमी झाले. वडील पहिल्या दिवसापासून सांगत होते की मुलगा मनोरुग्ण आहे, उपचार चालू होते. तेव्हा हा मथळा कुणाला दिसला नाही. दहशतवादाचा खटला चालला आणि जानेवारी २०२३ मध्ये फाशीची शिक्षा झाली. त्याने केलं ते वाईटच होतं, मी त्याची वकिली करत नाही. पण एकाचं आजारपण त्याच दुपारी अधिकाऱ्याच्या तोंडून जाहीर होतं, आणि दुसऱ्याचा बाप कागद दाखवत राहतो. इंग्रजांनी सरहद्दीवर खून करणाऱ्या पठाणासाठी १८६७ मध्ये वेगळा कायदाच केला होता. त्याचं मन तपासण्याची गरज नव्हती, तो ‘धर्मांध’ हे आधीच ठरलेलं होतं. आणि त्याच वर्षांत गोऱ्या सोजिराला ऊन लागलेलं असे.

बाहेर काय होतं पाहायचं तर लंडनचं उदाहरण ताजं आहे. मार्च २०२१ मध्ये सारा एव्हरार्ड नावाच्या तरुणीला वेन कझन्स या पोलिसाने ड्यूटी नसताना आपलं ओळखपत्र दाखवून, खोटी अटक करून गाडीत बसवलं आणि मारलं. तिथेही पहिले दोन दिवस चर्चा झाली ती रात्री ती एकटी का चालत होती याची. पण मग बायका रस्त्यावर उतरल्या. त्याला मरेपर्यंत तुरुंगाची शिक्षा झाली. त्यानंतर सरकारने लेडी एंजिओलिनी यांची चौकशी बसवली. २०२४ च्या अहवालाने विचारलं, याच्याविरुद्ध आधी तक्रारी असताना हा पोलिसात राहिलाच कसा? ड्यूटी नव्हती, हे खात्याचं उत्तर तिथे चाललं नाही. ओळखपत्र खात्याचं होतं ना? तसं बाणेरच्या किंवा भाईंदरच्या बाबतीत कुणी विचारलं नाही. वांद्रे-वरळीचं सोडा, मुळशीतल्या कुणा पत्रकारानेही विचारलं नाही. मीही नाही.

आता आपल्या बाजूचं. हे लिहिलं म्हणून काही वाचक नाराज होतील, होऊ देत.

३१ जुलैनंतरच्या आठवड्यात माझ्या फोनवर शहीदांची म्हणून जी पोस्टर्स आली त्यात तीन फोटो होते. कादरभाई, सैफुद्दीन, असगर. चौथा नव्हता. सर्वांत आधी मेलेला माणूस, जो त्या शिपायाला शांत करायला बघत होता, वरून आलेला निरोप ज्याने फक्त पोचवला, तो टीकाराम मीणा आमच्या पोस्टरवर नव्हता. राजस्थानातला मीणा समाज आदिवासी. तो आमच्या शोकात बसला नाही, कारण वर्दीत होता आणि मुसलमान नव्हता. उलट, दुसऱ्या बाजूच्या लोकांनी त्याचं नाव सतत पुढे केलं. पाहा, पहिला हिंदूच मेला, मग द्वेषाचा गुन्हा कसला? त्यांनी चौथ्याचं नाव तिघांना खोडायला वापरलं, आम्ही तिघांची नावं घेताना चौथ्याला गाळलं. तो बिचारा दोन्हीकडे अर्धाच उरला.

आणि बाणेर तर आमच्या चर्चेत आलंच नाही. एक बाई आणि एक तरुण मेले, पण त्यांच्या मरण्यात आमचा काही मुद्दा नव्हता. त्याच काळात मणिपूरचा व्हिडिओ होता, ३१ तारखेलाच हरियाणात नूह पेटलं. माणूस किती ठिकाणी पाहणार, हे मी स्वतःला समजावलं. तरी एक गोष्ट टोचते. बाणेरच्या बातमीला ‘घरचं प्रकरण’ म्हणून पुढे गेलो, ती माझी डेस्कवरची सवय होती. रेल्वेच्या बातमीला सरकार ‘डोक्याचं प्रकरण’ म्हणून पुढे जायला बघत होतं, ती त्यांची सवय. सवय एकच आहे. खाकीवाल्याच्या बंदुकीतून गोळी निघाली की ती कुठल्यातरी खासगी खोलीत ढकलायची, घराच्या नाहीतर मनाच्या, आणि दार लावून घ्यायचं. परवाना कुणी दिला, रायफल परत कशी मिळाली, रजा का नाकारली, आधीच्या तक्रारींचं काय झालं, हे प्रश्न दाराबाहेर राहतात.

परभणीचा ख्वाजा यूनुस तुम्हाला आठवत असेल. घाटकोपर स्फोटानंतर पकडलेला इंजिनीयर, जानेवारी २००३ मध्ये पोलीस कोठडीतून नाहीसा झाला. त्याच्या खुनाच्या खटल्यातले आरोपी सचिन वाझे २००४ मध्ये निलंबित झाले, २०२० मध्ये पुन्हा सेवेत आले आणि २०२१ मध्ये अँटिलिया-हिरेन प्रकरणात अटकेत गेले. कायद्याच्या भाषेत निलंबित पोलीस ड्यूटीवर नसतो. पण त्या सोळा वर्षांत कितीतरी बातम्यांत त्यांच्या नावाआधी ‘एन्काउंटर स्पेशालिस्ट’ हीच पदवी होती, कौतुकाने लावलेली. यूनुसची आई तारखांना जात राहिली. खटला सरकत नव्हता, पदवी टिकून होती.

मागच्या महिन्यात मावसभावाने रेल्वेच्या घटनेवरचं जुनं पोस्टर पुन्हा पाठवलं. तेच तीन फोटो, दुआची ओळ. मी खाली लिहिलं, ‘‘यात एक नाव राहिलंय. टीकाराम मीणा.’’ दहा मिनिटांनी उत्तर आलं, ‘‘भाईजान, ते तर पोलीस होते ना?’’

मी लिहिलं, ‘‘हो. ड्यूटीवर होते.’’